मानेचं काय झालं?

पाचूबंदरला गुपचूप करता येण्यासारखं एकच काम आहे, ते म्हणजे झोप. तीही दुपारी दार लावून घेतलीत तर "बरं नाही का?" म्हणून विचारायला चौघं येतात. अशा गावात मी इलेक्ट्रिक गिटार बनवायला घेतली, तीही उघड्या ओट्यावर आणि तीही जूनमध्ये. जून म्हणजे मासेमारीबंदी. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटी समुद्रात न्यायच्या नाहीत, त्यामुळे बोटी किनाऱ्यावर ताडपत्री पांघरून बसतात आणि बोटींवरची माणसं रिकामी होतात. अगदीच रिकामी नव्हेत म्हणा. जाळी विणतात, फळ्या बदलतात, रंग खरवडतात. पण ही सगळी हाताची कामं. तोंड मोकळंच राहतं.

गिटारचं धड वेगळं करायचं, मान वेगळी करायची आणि मग दोघांना जोडायचं, एवढी माहिती गावभर व्हायला एक संध्याकाळ पुरली. तेव्हापासून चर्चगेटहून दमून आलो आणि वसई स्टेशनवरून गावच्या बसमध्ये चढलो, की मागच्या सीटवरून हाक येई, "काय रे, मानेचं काय झालं?" एकदा एका परक्या बाईंनी कळवळून उठून मला जागा दिली. मी घेतली. त्यांना खरं सांगत बसलो असतो तर माझं उतरायचं ठिकाण गेलं असतं.

ही अवदसा मला आठवली एका व्हिडिओमुळे. त्यात चौकडीचा शर्ट घातलेला एक दाढीवाला गृहस्थ होता. त्याच्या कारखान्यात एकूण एक हत्यार भिंतीवर आपापल्या जागी. भुसासुद्धा विचारून पडत असावा. त्यानं मान उचलली, धडातल्या खाचेत घातली, 'टप्' असा गोड आवाज झाला आणि पुढच्या क्षणी रंगवलेली गिटार त्याच्या मांडीवर. मधलं काहीतरी त्यानं कापून टाकलं होतं. तो कापलेला तुकडा म्हणजे माझे जून आणि जुलै.

गिटारच्या मानेबाबत जगात दोन मोठे पंथ आहेत. पहिला स्क्रूवाल्यांचा. अमेरिकेतल्या लिओ फेंडरनं 1950 च्या सुमारास ठरवलं, की मान धडाला चार स्क्रूंनी आवळायची; बिघडली तर काढायची आणि दुसरी लावायची. या माणसाला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, म्हणूनच त्याला इतकं सरळ सुचलं असावं. दुसरा पंथ डिंकवाल्यांचा. गिब्सन कंपनीनं 1952 मध्ये लेस पॉल या वादकाच्या नावानं जी गिटार काढली, तिच्या धडात खाच, मानेला कुसू, आणि दोन्ही कायमची चिकटवलेली. स्क्रूची मान म्हणजे अकरा महिन्यांचा भाडेकरार. डिंकाची मान म्हणजे वीस वर्षांचं गृहकर्ज, सही केली की केली. चिकटवलेल्या मानेचा सूर जास्त वेळ रेंगाळतो, असं डिंकवाले सांगतात. स्क्रूवाले म्हणतात, डोळे बांधून ओळखून दाखवा. हा वाद स्वतःच इतकी वर्षं रेंगाळला आहे, की दोन्हीकडच्या गिटारींनी त्याच्याकडून शिकावं.

"चार स्क्रू मार आणि मोकळा हो," माझा एक मित्र म्हणाला. तो हळदीच्या कार्यक्रमांत बेंजो वाजवतो आणि स्पीकरच्या भिंतीसमोर आयुष्य गेल्यामुळे रेंगाळणारा सूर त्याला कधी भेटलेलाच नाही. पण सोपा आणि अवघड असे दोन रस्ते समोर आले, की आपण अवघड धरतो आणि वाटेत भेटेल त्याला तो किती अवघड आहे ते सांगत बसतो. मी डिंक धरला.

लाकूड फुकट मिळालं. शेजारच्या नाखव्यानं जुनी बोट मोडली होती, तिच्या मासळीच्या खणातली सागवानी फळी त्यानं मला दिली. मान निघाली आमच्या पाडलेल्या घराच्या दाराच्या चौकटीतून. गिब्सनवाले मॅहॉगनी वापरतात, ती सागाहून हलकी. माझं धड तयार झालं तेव्हा ते गळ्यात अडकवायला आधी गळ्याची तयारी करावी लागेल, असं दिसलं. शिवाय फळीत वर्षानुवर्षांचे बोंबील मुरलेले. रंधा फिरला की वास उठायचा आणि गल्लीतली मांजरं ओट्याखाली ओळीनं येऊन बसायची. तारा चढायच्या आधीच श्रोते जमलेले.

गुरू म्हणून लाभले ते बोटी बांधणारे सुतारकाका. "बोटीच्या सुताराला वाद्यातलं काय कळतंय?" असं बायकोनं विचारलं, तेव्हा मी तिला मिरजेचा दाखला दिला. मिरजेच्या शिकलगारांचा मूळ धंदा हत्यारांचा. एकोणिसाव्या शतकात तलवारींचं गिऱ्हाईक आटलं तशी ती मंडळी सतारी आणि तंबोरे करायला लागली, आणि अशी लागली की 2024 मध्ये तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तिथंही भोपळा आणि दांडी यांचा सांधा हेच कसब. तलवारीवरून सतारीवर जाता येतं, तर बोटीवरून गिटारवर यायला कोणाची हरकत?

"त्यांचा धंदा आधीच बसला होता," बायको म्हणाली. "काकांचा चाललाय. तो तुम्ही बसवाल."

काम दिसायला सरळ आहे. मानेच्या बुडाशी चौकोनी कुसू सोडायचं, धडात त्याच मापाची खाच कोरायची. कुसू खाचेत सैल गेलं तर कामातून गेलं, कारण डिंक पोकळी भरत नाही. लाकडाला लाकूड भिडलं तरच तो धरतो. तारा चढल्या की सहा तारांचा मिळून ताण 45 किलोच्या आसपास जातो आणि मान रात्रंदिवस पुढं वाकायला बघते. म्हणून सांधा असा हवा, की डिंक न लावता नुसती मान धरून गिटार उचलली तरी धड खाली पडू नये.

काकांनी कानावरून पेन्सिल काढावी तसा खिशातून खडू काढला. कुसवाला चारी बाजूंनी पांढरं फासलं, ते खाचेत घालून वरून तळहातानं एक थाप दिली आणि डुलवत डुलवत बाहेर ओढलं. डाव्या बाजूला खालच्या कोपऱ्याशी चिंचोक्याएवढ्या जागेवरचा खडू पुसून लाकूड उघडं पडलं होतं. "इथं अडतंय." पटाशी पालथी धरून त्यांनी तेवढ्याच जागेवरून ती एकदा ओढली. निघालं काय ते दिसलंही नाही. अंगठ्याला नुसती पिवळी पूड लागली. पुन्हा खडू, पुन्हा थाप. आता ठिपका दोन बोटं वर सरकला. पुन्हा पटाशी. असं करता करता सगळा खडू सारखा पुसट झाला, की समजायचं चारी बाजू भिडल्या.

"बघितलंस? आता उजवी बाजू तू कर," म्हणून काका चहाला गेले. मी ठिपका शोधला, तासला. ठिपका गेला आणि समोरच्या बाजूला उगवला. तो तासला, तर पहिला दीड पट होऊन परत आला. काका परतले तेव्हा खडू संपत आला होता आणि कुसू डोळ्यांदेखत वाळलेलं दिसत होतं.

"काय करत होतास?"

"ठिपका काढत होतो."

"ठिपका काढायचा असतो, कुसू नाही."

मग कोन. घोडी, म्हणजे ब्रिज, धडापासून उंच असते, म्हणून लेस पॉलसारख्या गिटारची मान तीन-चार अंशांनी मागं झुकवावी लागते. इथं एक अंश चुकला की घोडीपाशी चार मिलिमीटरचा फरक पडतो. तारा एक तर पडद्यांवर खरखरतात, नाहीतर इतक्या उंच जातात की खाली ओले टॉवेल वाळत घालावेत. मी यासाठी डिजिटल कोनमापक मागवला होता. काकांनी तो हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि चहाच्या कपावर झाकण म्हणून ठेवला. मग एक डोळा मिटून त्यांनी मानेकडे पाहिलं, आणि लगेच किनाऱ्यावरच्या एका बोटीच्या नाळेकडे.

"जास्त उठलीय. दाब थोडी."

मी मोजलं. सव्वापाच अंश. "किती अंश दाबू?"

"अंश आमच्यात नाही. नाळ दिसली पाहिजे."

चारेक दिवसांनी कोनमापकाच्या सेलला खारी हवा लागली, तेव्हापासून अंश आमच्यातही नाही.

मान सरळ बसते आहे की वाकडी, हे पाहायला तिच्या टोकापासून घोडीच्या जागेपर्यंत दोन्ही कडांना तंगूसाचे धागे ताणतात. दोन्ही धागे कडेपासून सारख्या अंतरावर राहिले पाहिजेत. पाचूबंदरला तंगूस वाण्याकडच्या दोऱ्यापेक्षा लवकर मिळतो आणि ताणलेल्या धाग्यावरून नजर मारायला तर इथं लहान पोरही तयार. त्या रविवारी ओट्यासमोर सात-आठ माणसं एकेक डोळा मिटून उभी होती.

"उजवीकडं गेलीय."

"अरे उजवीकडं कुठली? डावीकडं!"

वाद नाखव्याच्या आजोबांनी बांधलेल्या बोटीपर्यंत गेला आणि तिथून एका जुन्या वाटणीपर्यंत पोचला. बऱ्याच वेळानं माझ्या भाच्याच्या लक्षात आलं, की निम्मी माणसं मानेकडून बघत होती आणि निम्मी धडाकडून. तो पंधरा वर्षांचा आहे. त्याला सगळ्यांनी मिळून वडापाव आणायला पाठवलं.

एवढं जमत आलं, तोवर पावसानं जोर धरला. लाकूड हवेतली ओल पितं आणि फुगतं. साग त्या मानानं कमी फुगतो असं पुस्तकं सांगतात. ती पुस्तकं समुद्रापासून बरीच आत लिहिली असणार. कालपर्यंत अलगद जाणारं कुसू खाचेच्या तोंडाशी अडून बसलं. तासलं. मग चार दिवस उघडीप पडली आणि तेच कुसू आत खुळखुळायला लागलं. आमच्या शेजारच्या किल्ल्याला चिमाजीअप्पांनी 1739 च्या फेब्रुवारीत वेढा घातला आणि मे महिन्यात किल्ला घेतला. तटाला सुरुंग लावायचे होते, समोर पोर्तुगीज तोफा होत्या, तरी माणसानं ते उरकलं. वर चर्चच्या घंटा उतरवून नेल्या. मेणवलीला आणि भीमाशंकरला त्या अजून दाखवतात. मला एक दोन इंच खोल खाच सर होत नव्हती, आणि माझ्या समोर तर तोफाही नव्हत्या, फक्त बय होती.

बय म्हणजे नाखव्याची आई. ती रोज येऊन ओट्याच्या पायरीवर बसे, मानेकडे बघे आणि म्हणे, "पोरा, अजून तसंच?"

अखेर रंध्याखालून निघालेली एक पातळ साल काकांनी कुसवाच्या एका बाजूला चिकटवली, पुन्हा खडू फिरवला, आणि एका संध्याकाळी ते जमलं. मान धरली, उचलली, आणि अख्खं सागवानी धड डिंकाशिवाय हवेत लटकत राहिलं. मांजरंसुद्धा मागं सरकली.

इथं खरं तर डिंक लावायचा. पण माणसाला एकदा जमलेली गोष्ट दाखवायची हौस असते. मी पोस्टमनला दाखवलं. पाव घेऊन येणाऱ्याला दाखवलं. बेंजोवाल्या मित्राला बोलावून दाखवलं. मीटर वाचायला आलेल्या माणसानं स्वतः धरून उचलायची परवानगी मागितली, ती दिली. प्रत्येक वेळी मान आत-बाहेर, आत-बाहेर. मग एकदा बायकोच्या माहेरची माणसं आली असताना मी "बघा हं" म्हणून मान उचलली आणि माझ्या हातात फक्त मान आली. धड सासऱ्यांच्या पायाशेजारी पडलं. सासरे सज्जन, "सागवान आहे वाटतं," एवढंच म्हणाले.

"दाखवून दाखवून भोक मोठं केलंस," काकांनी आणखी एक साल चिकटवली. "आता डिंक लाव. आजच."

डिंक कुठला, यावर मग परिषद भरली. जुन्या गिब्सन गिटारींत जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस वापरत. त्याचा एक गुण माझ्या मनात भरला होता: ऊब आणि वाफ दिली की सरसाचा सांधा सुटतो. म्हणजे कायमचं करूनही मागं फिरायची वाट राहते. पण सरस गरम पाण्यात भांडं ठेवून पातळ करावा लागतो, आणि तो वास घरात घेण्यापेक्षा मीच बाहेर राहावं असं ठरत होतं, म्हणून तो मागं पडला. राहिला फेविकॉल. तो निघाला 1959 मध्ये, मुंबईत; आणि जी लेस पॉल आज जगभरचे शौकीन सोन्याच्या भावानं शोधत फिरतात, तीही नेमकी 1959 ची. दोघांची भेट व्हायला एवढी वर्षं आणि पाचूबंदरचा ओटा लागावा, हा योग मला मोठा वाटला. काकांनी त्यातला पाण्याला दाद न देणारा मरीन सुचवला.

"गिटार पाण्यात कशाला जाईल?"

"तू वाजवल्यावर कोणीतरी टाकेल ना," मित्र म्हणाला.

सागात नैसर्गिक तेल असतं, त्यावर डिंक नीट धरत नाही, म्हणून आधी दोन्ही बाजू थिनरनं पुसून घ्यायच्या हेही ठरलं. सगळं ठरलं आणि मी लांबणीवर टाकायला मोकळा झालो. एक दिवस हवा फार दमट होती. एक दिवस वीज नव्हती. डिंकाला वीज लागत नाही हे बायकोनं नजरेस आणून दिलं. मग आषाढी अमावास्या आली आणि त्या दिवशी गावात कोणाच्या हाताचा भरवसा धरू नये. कोरडी मान आत घालायची, काढायची, पुसायची, परत ठेवायची, यात मला खरोखर सुख होतं. एकदा चिकटवली की वाकडी बसली तर वाकडी. चिकटवली नाही तोवर ती सरळच.

जुलैच्या शेवटच्या रविवारी काकांनी मला न विचारता डब्याचं झाकण उघडलं.

डिंक लावल्यापासून हातात दहा मिनिटं असतात, फार तर. त्यांतली चार "जरा इकडं लाव", "तिकडं जास्त झाला" यांत गेली. कुसू आत दाबलं, तर ते हळूच वर आलं. पुन्हा दाबलं, पुन्हा वर. खाच इतकी घट्ट जमली होती, की आत कोंडलेल्या डिंकाला आणि हवेला बाहेर पडायला जागाच नव्हती. "पूऽच" असा आवाज करत मान उठायची आणि बय कपाळाला हात लावायची. शेवटी बोटीच्या फळ्या आवळायचे दोन दांडगे क्लॅम्प आणले. क्लॅम्प पिळायला लागलो तशी ओल्या डिंकावरून मान घसरायला लागली. "उजवीकडं!" "डावीकडं!" आता मात्र सगळे एकाच बाजूला उभे होते, तरीही. भाच्यानं दोन्ही तंगूस परत ताणून धरले, काकांनी पाठीमागून गुडघा लावला, मित्रानं बाहेर आलेला डिंक ओल्या फडक्यानं पुसला आणि तेच फडकं घाईत स्वतःच्या तोंडावरून फिरवलं. मान बसली. आता चोवीस तास हात लावायचा नाही.

तासाभरात नाखव्याचा मुलगा दारात. "क्लॅम्प मागितलेत. बंदी उठतेय, फळी आवळायचीय."

"अरे, उद्या देतो!"

"बोट थांबत नाय."

तेव्हा नाखव्याचा एक खलाशी पुढं झाला. एका शब्दानं न बोलता त्यानं कमरेची नवीकोरी नायलॉनची दोरी काढली, सांध्याभोवती वेढे घेतले, एक दांडकं अडकवून पीळ भरला, दांडकं काढून घेतलं आणि शेवटी हातानं असं काहीतरी केलं, की क्लॅम्प काढल्यावर मान केसभर हलली नाही. सगळ्यांनी वाहवा केली. तो तोंडात तंबाखू टाकून निघून गेला, आणि बंदी उठल्यावर बोटीबरोबर समुद्रात गेला.

डिंक केव्हाच वाळला. दोरी सुटेना. मी बसलो, मित्र बसला, भाच्यानं गाठींचे व्हिडिओ पाहिले. त्यांत अशी गाठ कुठंच नव्हती. काका पटाशी परजून म्हणाले, "कापून टाकू."

"हात लावशील तर बघ," बय पायरीवरून गरजली. "माझ्या पोराची नवी दोरी आहे."

नाखव्याच्या घरी वायरलेसचा सेट आहे. आम्ही सगळे तिथं गेलो. बोट टप्प्यात होती. बयनं बोलणं सुरू केलं, आणि त्या चॅनेलवर ऐकत असलेल्या सगळ्या बोटींना आमच्या गिटारची गाठ कळली. कोणी म्हणालं, उजवं टोक वर ओढा. कोणी म्हणालं, गरम पाणी सोडा. एका तांडेलानं मध्येच विचारलं, "हळदीला कितीत वाजवणार?" बऱ्याच खरखरीनंतर आमच्या खलाशाचा आवाज आला.

"गाठ? गाठ कुठं मारलीय? टोक नुसतं आत खोचलंय, मागच्या बाजूनं."

"मी तेच म्हणत होतो," काका म्हणाले आणि पटाशी पाठीमागे घेतली.